मेगीचं ध्रुवपद

"बाई, माझं ध्रुवपद लोक उचलत का नाहीत?"

विनीबाई बटाटे सोलत होत्या. विलायतेत, समुद्राकाठच्या एका गावी, बेकरीवरच्या खोलीत त्या राहायच्या. उभी हयात रंगमंचावर गेलेली. स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच म्हणायची. आता गळा साफ बसला होता.

विचारणारी होती हेस्टर, गावच्या थेटरात नवी गाणारी. वयानं लहान, आवाजाची खणखणीत, अन् नाकावर माशी बसू न देणारी.

तिकडची रीत अशी, की गाण्याचं ध्रुवपद प्रेक्षकांनी नटीबरोबर म्हणायचं. वरच्या स्वस्त बाकांवरून सूर निघाला नाही, तर गाणं मेलंच म्हणून समजा. हेस्टरच्या गाण्याला पंधरवडाभर कुणी साथ दिली नव्हती. येत्या शनिवारीही तेच झालं, तर गाणं काढून टाकणार, असं थेटरच्या मालकांनी बजावलं होतं.

आणि गाणं तर तिच्या गेलेल्या आईवरचं. लोकांचे कपडे धुऊन लेकीला वाढवणाऱ्या मेगीवरचं.

"म्हण बघू," विनीबाई म्हणाल्या.

हेस्टर उभी राहून गायली. हरकत न् हरकत जागच्या जागी. ध्रुवपद आलं, तसा बाईंनी आपला घोगरा सूर लावला. हेस्टरनं आवाज चढवला आणि तो सूर पार बुडवून टाकला. घ्या, म्हातारीलासुद्धा जागा नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच. पण या खेपेला ध्रुवपदातल्या 'ये गं मेगी'पाशी हेस्टर अडली. पुढचे शब्द फुटेनात...

बाईंनी ओळ उचलली आणि फाटक्या आवाजात शेवटपर्यंत नेली.

"तुटलं," हेस्टर डोळे पुसत म्हणाली.

"तुटलं कुठं? मी होते ना."

हेस्टर ती ओळ पुटपुटत जिना उतरली...

रविवारी सकाळी ती धापा टाकत जिना चढून आली.

"बाई, काल 'ये गं' म्हटलं आणि गप्प राहिले. जीव नुसता मुठीत धरला होता. आधी वरून एकच आवाज आला... मग अख्खं थेटर गायला लागलं."

"मग डोळ्यांत पाणी का गं?"

"मेगी कुणीच म्हणालं नाही. कुणी रोझ म्हणत होतं, कुणी ॲनी. ज्यानं त्यानं आपापल्या आईचं नाव घातलं. माझी आई राहिलीच की हो बाजूला."

पोरीचं दुःख खोटं नव्हतं, हे विनीबाईंना कळत होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. तिचा हात आपल्या हातात घेतला.

"माझ्या आईचं नाव ईडिथ," त्या म्हणाल्या. "...'ये गं ईडिथ' म्हण ना एकदा."