गव्हाणीतला पाहुणा

डोंगराच्या उतारावर, जिथे माणसांची वस्ती संपते आणि रान सुरू होते, तिथल्या एका जुन्या गोठ्यात एक म्हातारे गाढव राहत होते. उभा जन्म त्याने विटा वाहिल्या. मग मालकाने टेम्पो घेतला आणि याला रानात सोडून दिले. आता त्याच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक जबरदस्त लाथ आणि एक मोठे घराणे. येशूच्या जन्मावेळी मरियामाता बेथलेहेमला गेली ती कुणाच्या पाठीवर बसून, एवढे कुणी विचारायची खोटी, की स्वारीचे कान ताठ उभे राहत. "आमच्या," ते म्हणे. हसू नका मुलांनो. ज्याला जन्मभर सगळ्यांनी गाढव म्हणूनच हाक मारली, त्याला एवढा तरी अभिमान हवाच की.

गोठ्यात त्याच्या सोबतीला एक मेंढी होती आणि चार कोंबड्यांसह एक कोंबडा होता. नाताळ जवळ आला की या मंडळींची एक रीत असे. नाताळच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या अंथरुणातले मऊ तेवढे काढून मधल्या गव्हाणीत घालायचे. मेंढी लोकर देई, कोंबड्या पिसे देत, गाढव आपल्या वाटणीचे कोवळे गवत देई. मग सकाळपर्यंत त्या गव्हाणीला कुणी तोंडही लावायचे नाही. बाळ येशूला पुन्हा एखाद्या गरिबाच्या गव्हाणीत यावेसे वाटले, तर त्याची जागा तयार असावी, म्हणून ही सगळी तयारी. पाहुणा काही अजून आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते गवत गाढवच खाऊन टाकी, पण ते असो.

त्या वर्षी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडाची खाण सुरू झाली. सुरुंग उडू लागले, बिळे ढासळली, ओढा गाळाने भरला. ससे, साळिंदरे, मुंगसे पोराबाळांना घेऊन या दारावरून खाली जाऊ लागली. गोठ्यातली मंडळी त्यांच्याकडे बघून "बिचारे" म्हणत आणि आपल्या चाऱ्याकडे वळत. कुणी थांबून पाणी मागितलेच, तर कोंबडा सांगे, "पुढे जा बाबांनो, पुढे मोठं रान आहे." पुढे रान नव्हते, हायवे होता, आणि हे कोंबड्याला चांगले ठाऊक होते.

नाताळच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर गव्हाण भरून झाली आणि गाढवाने दरवर्षीप्रमाणे मरियामातेच्या प्रवासाची आपली कथा सुरू केली. बेथलेहेमच्या धर्मशाळेचा तो सरायवाला, त्याचा भाग आला की गाढवाला भलताच चेव येई. "बाई दिवस भरलेली, बाहेर थंडी मी म्हणतेय, आणि हा गडी दाराला हात लावून काय म्हणतो? इथे जागा नाही." सरायवाल्याचे बोलणे ते नाकातून, असे काही तोऱ्यात म्हणून दाखवी, की मेंढी हसून हसून बेजार होई.

एवढ्यात दारात सावली पडली. एक कोल्हीण उभी होती. अंग चिखलाने माखलेले, पोट खपाटीला गेलेले, आणि तोंडात मानेला धरलेले एक इवलेसे पिल्लू. तिने ते हळूच खाली ठेवले. पिल्लू हलेना.

"आमचं बीळ बुजलं," ती म्हणाली. "बाकीची पिल्लं आतच राहिली. हे एकटं हाती लागलं, तेही ओढ्यात भिजलंय. रात्र उघड्यावर काढली तर हेही जाईल. मला नको, याला तेवढी ऊब द्या."

कोंबड्या फडफडत आढ्यावर जाऊन बसल्या. कोंबडा वरूनच म्हणाला, "दादा, हिला ओळखलंत ना? आमची पिवळी कोंबडी हिनेच नेली."

"नेली," कोल्हीण म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

मेंढी गव्हाणीला पाठ लावून आडवी उभी राहिली. "आणि ही गव्हाण पाहुण्यासाठी आहे. असल्या चोराचिलटांनी विटाळली, तर आपल्याकडे देव कशाला येईल? दादा, सांगा तिला."

गाढव दारापाशी गेले. खरे तर त्याला पिल्लाकडे बघवत नव्हते, पण घराण्याची रीत मोडायची म्हणजे काय? त्याने मान ताठ केली, कान उभारले आणि म्हणाले, "इथे जागा नाही."

आणि ते चरकले. तेच शब्द, तोच नाकातला तोरा. एवढी वर्षे ज्याची नक्कल करून सगळ्यांना हसवले, तो सरायवाला आज आपल्याच तोंडाने बोलला. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कोल्हीण पिल्लाला उचलायला वाकली होती.

"थांब," गाढव म्हणाले. "माझी लाथ माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पावसाळ्यात बरगडीत बसली होती."

"मग ऐक. तू माझ्या पुढ्यात, या कोपऱ्यात बसायचं. आढ्याकडे नुसतं बघितलंस तरी दुसरी बरगडी जाईल. आणि ते पोर इकडे आण." मग ते मेंढीकडे वळले. "बाजूला हो, बाई."

"दादा, पाहुण्याची जागा आहे ती."

"पाहुणा दारात आलाय, आणि तू त्याला पाठ दाखवून उभी आहेस."

मेंढी बाजूला झाली, पण तोंड फुगवूनच. गाढवाने पिल्लू गव्हाणीत लोकरीवर ठेवले, त्याच्यावर तोंड आणले आणि आपला गरम श्वास सोडत राहिले. म्हातारे रात्रभर बसले नाही. पुष्कळ वेळाने मेंढी आपण होऊन आली आणि गव्हाणीत मान घालून पिल्लाला दुसऱ्या बाजूने टेकली. "मी काही तिच्यासाठी नाही करत," ती पुटपुटली. कोल्हीण कोपऱ्यात पंजांवर हनुवटी ठेवून नुसती बघत होती. आढ्याकडे तिने एकदाही मान वर केली नाही.

उजाडता उजाडता पिल्लाने जांभई दिली. मग त्याने गाढवाची नाकपुडी आईचे आचळ समजून चोखायला सुरुवात केली. कोल्हिणीला रडू आवरेना. तिने पिल्लू पोटाशी घेतले, त्याला पाजले आणि पुन्हा गव्हाणीत नेऊन ठेवले. मग पिल्लाला तिथेच उबेत ठेवून ती एकटीच निघायच्या तयारीने दाराकडे वळली, तेव्हा कोंबडा खाली उतरला, चांगला हातभर अंतर राखून उभा राहिला आणि म्हणाला, "दव आहे बाहेर. ऊन पडू दे, मग बघू."

खालच्या रस्त्यावरून नाताळच्या प्रार्थनेला देवळात निघालेली एक बैलगाडी वर चढत होती. बैल होता मोठा थट्टेखोर. गोठ्यापाशी येताच तो मोठ्याने म्हणाला, "काय गाढवराव, आला का तुमचा पाहुणा?"

गाढव दारात येऊन उभे राहिले. सगळे अंग दुखत होते, तरी छाती अशी फुगली होती की दार अपुरे पडावे.

"आलाय," ते म्हणाले. "आईसकट आलाय. हळू बोल जरा, आत्ताच डोळा लागलाय."

तात्पर्य : देवासाठी राखून ठेवलेली जागा दारात आलेल्या निराधाराला दिली, तरच ती देवाला पोचते.