तळाचं विरजण

दुसऱ्याच्या पैशावर स्वतः कमवायचं आणि मालकाला नियम ऐकवायचे, याला लूट का म्हणू नये?

दुकानात नवा फ्रीज हवा, म्हणून दहीवाल्या हौसाबाई खिलारेंनी बँकेत चालू खात्यावर व्याज मागितलं.

मॅनेजर हसले. “मावशी, तुमचे पैसे आज येतात, उद्या जातात. व्याज देऊ कशावर?”

“दहीही रोज विकलं जातं, साहेब. पण विरजणापुरतं मी तळाशी राखतेच.” बाईंनी खात्याचा तीन वर्षांचा उतारा टेबलावर ठेवला. “शिल्लक कधी साठ हजारांखाली गेली, दाखवा. नाही ना? मग तेवढ्याची व्याजाची ठेव करा. बड्या व्यापाऱ्यांना करून देताच की!”

मॅनेजरांनी ठेवीचा अर्ज काढला.

रांगेतला रसवंतीवाला पुढे सरकला. “साहेब, आमच्या खात्याचाही तळ बघा जरा.”