सुनेल्याची बैठक

खड्यांना अजून बोलता येत होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. नारोबा सोनाराच्या डबीत कापसावर एक पिवळा सुनेला, पुष्कराजासारखा दिसणारा पण स्वस्तातला खडा, पडून होता. गिऱ्हाईक यायचं, डबी उघडायला लावायचं आणि शेजारचा पुष्कराज उचलून न्यायचं. डबी पुन्हा मिटायची.

एकदा एक म्हातारी आली. सुनेल्याकडे बघून म्हणाली, "हाच द्या. माझ्यासारखाच मागे राहिलेला दिसतोय. बोटात असला म्हणजे सोबत होईल."

नारोबाने अंगठी घडवली आणि खडा जिथे बसतो त्या बैठकीचा तळ उघडा ठेवला. सुनेला कळवळून म्हणाला, "मालक, खालून सोन्याचा पत्रा लावा, त्या पत्र्यावर चकचकीत वर्ख घाला. मलाही पुष्कराजासारखं झळकायचंय!"

"अरे वेड्या, तळ उघडा असला तरच खडा अंगाला लागतो. पुष्कराजसुद्धा तसाच बसवतात."

"लागू दे नाहीतर राहू दे! झळकलो नाही, तर ही बाईसुद्धा मला परत आणून टाकेल."

त्याने हट्टच धरला, तेव्हा नारोबाने पत्रा लावून तळ बंद केला.

सुनेला खरोखरच झळकला. शेजारणी विचारतात, "काकू, पुष्कराज का हो?"

त्या गेल्या की म्हातारी दारात एकटीच बसते आणि अंगठीशी बोलत राहते. सुनेला सगळं ऐकतो. पत्र्याच्या पलीकडे तिचं बोट आहे. ते ऊबदार असतं, एवढं तो ऐकून आहे.