पंगतीतला ग्रीडी

हिंगणवाडीच्या भुजंगराव सरकारांना इंग्रजीचा नाद लागला होता. एके सकाळी त्र्यंबक मास्तरांनी त्यांना 'ग्रीडी' हा शब्द शिकवला. पोट भरलं तरी ज्याचा हात थांबत नाही, तो ग्रीडी. सरकारांना शब्द इतका आवडला की दुपारपर्यंत कारभारी, माहूत आणि हत्तीसुद्धा ग्रीडी ठरले.

दुपारी वाड्यावर जिलब्यांची पंगत बसली. बाकी सगळ्यांचे जेवून हात वाळले, पण सरकार उठल्याशिवाय कुणाला उठायची सोय नव्हती. आणि सरकारांनी तर आत्ताच नवी परात मागवली होती.

“मास्तर,” जिलबी गालात सारत सरकार म्हणाले, “या पंगतीत ग्रीडी कोण, ते दाखवा. नाव मात्र घ्यायचं नाही. नाही जमलं तर शिकवणी बंद!”

कारभाऱ्यांनी घाबरून डोळेच मिटले.

“सोपं आहे, सरकार. ज्यांचं पोट भरलंय त्यांनी उठावं, असा हुकूम द्या. तरी जो बसून राहील, तो ग्रीडी.”

सरकारांनी हुकूम दिला. कुणीच हललं नाही.

“अरे, म्हणजे सगळेच ग्रीडी?”

“छे, सरकार! आपल्याआधी उठतील कसे बिचारे?”

सरकारांनी पंगतीकडे पाहिलं, मग परातीकडे. मोठा सुस्कारा टाकून ते उठले. पाठोपाठ सगळी पंगत धडाधड उठली. एकटे मास्तर तेवढे बसून राहिले.

“म्हणजे ग्रीडी तुम्हीच की हो!” सरकार ओरडले.

“कुणीतरी व्हायलाच हवं, सरकार,” परात पुढ्यात ओढत मास्तर म्हणाले. “उदाहरणाशिवाय शब्द पक्का होत नाही.”