शिंगवाल्याचा डगला

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजे होते, गड होते आणि गडाचा दरवाजा रोज शिंग फुंकूनच बंद होत असे. शिंग ऐकलं की नदीपलीकडच्या रानातले गुराखी नि मोळीवाले लगबगीनं परतायचे. ज्याला ऐकू गेलं नाही तो बाहेर राहायचा, आणि बाहेर वाघ असायचा.

गडाचा शिंगवाला म्हातारा झाला, त्याचा दम पुरेना. राजानं दवंडी पिटवली, "पौर्णिमेच्या दिवशी नवा शिंगवाला निवडू. प्रत्येकाला तीन फुंका. ज्याचं शिंग नदीपलीकडे ऐकू जाईल, त्याला काम. पण तो दरवाज्यावर उभा राहणार, पाहुणे आधी त्यालाच बघणार. तेव्हा अंगात दरबारी डगला हवा."

गडाखालच्या वस्तीत एक शिंगवाला राहायचा. वर्षातले दोन महिने वराती, उरलेले दहा महिने ताटात आंबील. त्यामुळे या कामावर त्या नवरा-बायकोचा फार जीव होता. माणसाचा दम दांडगा आणि पोटही चांगलं गरगरीत. शिंगाचा दम पोटातूनच येतो, त्याला तो तरी काय करणार? पण त्याला त्या पोटाची भारी लाज वाटायची.

दरबारचे शिंपी फक्त सरदारांचे कपडे शिवत. बायको म्हणाली, "मी शिवते घरी." तिनं एकदा एका सरदाराचा फाटका डगला रफू केला होता आणि तेव्हा तो उलटा करून नीट बघून ठेवला होता. आतलं काम बाहेरच्याहून सुबक होतं. अस्तर बारीक टाक्यांनी कापडाला धरलेलं, आणि डगला सरळ पडावा म्हणून खालच्या पट्टीत नाजूक साखळी शिवलेली. तिनं घरातल्या टांगत्या दिव्याची पितळी साखळी काढली. दिवा बिचारा जमिनीवर आला.

मग ती दोरी घेऊन माप घ्यायला उभी राहिली. नवऱ्यानं पोट आत ओढलं.

"अहो, श्वास सोडा."

"सोडलाय की!" तो कसाबसा म्हणाला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं.

तिनं दोरीला गाठ मारली. आधी जुन्या धोतराचा कच्चा डगला शिवून त्याच्या अंगात घातला. नवरा चवळीच्या शेंगेसारखा ताठ उभा राहिला.

"आता शिंग फुंकून बघा," बायको म्हणाली.

"त्या दिवशी फुंकेनच की! डगला असाच घट्ट हवा, सरदारांसारखा. सैल शिवलास तर घालणार नाही, सांगून ठेवतो."

हट्टी माणसाशी वाद घालायला तिला सवड नव्हती. पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. ती नुसतं म्हणाली, "आठवतं का, आपल्या लग्नात तुम्ही स्वतःच्याच वरातीत शिंग फुंकलंत, आणि घोडं बुजून थेट माझ्या मामांच्या अंगावर गेलं!"

तो खो खो हसत सुटला. पोट गदगदा हलू लागलं. तेवढ्यात तिनं त्याच्याभोवती दोरी फिरवली.

"काय गं करतेस?"

"काही नाही, दोरी सुटली होती."

खरी शिवण तिनं त्या हसऱ्या मापाला घातली, पक्क्या दुहेरी धाग्यानं. मग दोन्ही कुशींना जास्तीचं कापड आत दुमडलं आणि कच्च्या धाग्यानं हलकंच टाचून ठेवलं. डगला अगदी चापून बसला. नवरा दिवसभर पाण्याच्या हौदात स्वतःला बघत होता.

पौर्णिमेच्या दुपारी सगळी वस्ती नदीपलीकडे जमली. बायकोही गेली. तिथून गड दिसत नव्हता, नुसतं ऐकायचं. पहिल्या माणसाचं शिंग नदीतच विरलं. दुसऱ्याचं ऐकू आलं, पण डास गुणगुणल्यासारखं.

मग तिला ओळखीचं शिंग ऐकू आलं, आणि ते सर्दी झालेल्या बोकडासारखं होतं. लोक हसले. दुसरी फुंक तर अर्ध्यातच थांबली. बायको पदर मुठीत धरून पुटपुटली, "सोडा हो ते पोट. सोडा आता."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

आणि मग तिसरी फुंक आली. झाडांवरची पाखरं उडाली. चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या आणि भर दुपारी आपसूक गडाची वाट धरली. लोक ओरडले, नाचले. बायको मात्र पदरात तोंड घालून रडली. धागा तुटल्याचं त्या काठावर तिला एकटीलाच कळलं होतं.

नवरा घरी आला तेव्हा दोन्ही कुशींना तुटक्या धाग्यांची टोकं लोंबत होती.

"दुसरी फुंक वाया गेली," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं, काम तर गेलंच, आता पोट लपवायचं तरी कशाला? भरून श्वास घेतला. दोन्हीकडून टरटर आवाज आला. म्हटलं, झालं, राजासमोर अब्रू गेली! बघतो तर डगला शाबूत, आणि अंगाला बेताचा." त्यानं कुशीचा एक तुटका धागा बोटांत धरला. मग हळूच म्हणाला, "तुला माझं माप ठाऊक होतं?"

"आपलं लग्न काय काल झालंय?" बायको म्हणाली. "द्या इकडे, पुन्हा टाचून देते."

"नको," तो म्हणाला. "आता असाच राहू दे."

पुढं कितीतरी वर्षं तो गडावर मोकळ्या अंगानं शिंग फुंकत राहिला. तेवढ्या वर्षांत एकही गुराखी दरवाज्याबाहेर राहिला नाही.

तात्पर्य: जीव लावणारं माणूस आपलं सोंग चारचौघांत उघडं पाडत नाही, ते गळून पडेल त्या दिवसाची सोय मात्र आधीच करून ठेवतं.