गाभाऱ्यातून उठलेली भिकाई

फार फार वर्षांपूर्वी सावरखिंडीत भिकाई नावाची सुईण होती. पोटात आडवं फिरलेलं मूल तिच्या नुसत्या हाकेनं सरळ व्हायचं, असं म्हणतात. लोक म्हणायचे, "देवीसारखी धावून आलीस गं बाई!" ती म्हणायची, "ते राहू द्या, पाणी तापलंय का बघा."

पण म्हणता म्हणता गावाला ते खरंच वाटू लागलं. एका चैत्रात लोकांनी तिला हिरवं लुगडं नेसवून देवळात पाटावर बसवलं, कुंकवानं माखलं, पाय धुऊन तीर्थ घेतलं. गावाचं मन कसं मोडायचं, म्हणून बिचारी बसली. मग गुरवानं सांगितलं, देवीला सोयराचा विटाळ चालत नाही. आता तिनं बाळंतिणीच्या घरी जायचं नाही, हवा तर लोकांनी देवळातून अंगारा न्यावा.

मथुरा तेव्हा पहिलटकरीण होती, आणि तिला सगळ्याचीच धास्ती. मूल हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती. उशाखाली अंगाऱ्याच्या पुड्या साठलेल्या. पण अंगाऱ्याला हात थोडेच असतात, असं तिच्या मनात यायचं. आणि असं मनात येणं पाप तर नाही ना, ही वर आणखी एक धास्ती.

कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं.

"आत्याबाई, भिकाईला बोलवा हो!"

सासू म्हणाली, "अगं, ती आता देवी झाली. देवीला का कुणी बाळंतपणाला बोलावतं?"

"मग तिच्या देवीपणाला काय जाळायचंय?" मथुरा किंचाळली आणि लगेच जीभ चावली. झालं! आता कोप होणार, आणि तोही बाळावर.

ती किंकाळी शेतं ओलांडून थेट गाभाऱ्यात पोचली, असं म्हणतात. भिकाई उठली. गुरव आडवा आला. "आई, बाटशील. मग परत इथं बसता यायचं नाही."

"बरंच झालं. बसून बसून पायांना मुंग्या आल्यात माझ्या."

ती चालत गेली तसं अंगावरचं कुंकू वाटेवर गळत गेलं. चहूकडे काळी माती, तेवढी एक पायवाट आजही तांबडी आहे.

तिला दारात बघून मथुरेनं हात जोडले. "आई, चुकले, मी भलतंच बोलले..."

"हात नको जोडूस, खाली टेक. आणि ओरड. मघाशी काय छान ओरडलीस!"

मग भिकाईनं पोटाशी तोंड नेलं आणि हाक मारली, "ए बाळा, दार इकडं आहे." मूल वळलं. त्याचं पहिलं रडणं ऐकून रिकाम्या देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. मागोमाग आलेल्या गुरवानं अंगणातूनच हात जोडले.

मूल कुशीत आलं तरी मथुरेची शंका जाईना. "खरं सांगा, तुम्ही देवी की बाई?"

"तुला काय हवं होतं?"

"तुमचा हात."

"तो मिळाला ना? मग निजा आता दोघं."

आजही सावरखिंडीत कुणाला कळा सुरू झाल्या, की गुरव देवळातला नंदादीप उचलून त्या घरी नेऊन ठेवतो. मूल रडेपर्यंत गाभारा अंधारात असतो. अशा वेळी परगावचं कुणी दर्शनाला आलं, तर गुरव ओट्यावर जागा करून देतो.

"बसा जरा," म्हणतो. "आई कामाला गेलीय."