उसना धूर

फार फार पूर्वी, दिवस मावळतीला टेकला असताना, एका राज्याच्या पश्चिम टोकाला काही माणसं नदी उतरून आली. नदीला पाणी छातीएवढं होतं. बैल थकले होते, पोरं काकडली होती, आणि वाटभर जपून आणलेली विस्तवाची मडकी विझली होती. चकमकीचा कापूसही भिजला होता.

ही माणसं उगाच आली नव्हती. राजाच्या दवंडीवाल्यानं पूर्वेकडच्या गावागावांत ढोल बडवून सांगितलं होतं, "नदीपलीकडचा मुलूख ओसाड आहे. जो जाऊन नांगर धरील, त्याची जमीन." दवंडीवाल्यानं ती नदी कधी पाहिली नव्हती. ज्यानं त्याला दवंडी सांगितली, त्यानंही पाहिली नव्हती. पण ढोल मोठा होता.

पलीकडच्या काठावर चढल्यावर त्या माणसांना पहिल्यांदा काय दिसलं, तर धूर. माळावर, एका झऱ्याच्या कडेनं, जागोजागी धूर वर चढत होता. मेंढरं परतत होती. कुत्री भुंकत होती.

त्यांचा म्होरक्या सटवाजी म्हणाला, "ओसाड म्हणाले होते ना?"

त्याची आई म्हणाली, "ओसाड नाही तेच बरं. पोरं गारठलीत. जा, विस्तव मागून आण."

सटवाजीला ते कमीपणाचं वाटलं. तेव्हा आईच एक फुटकं खापर घेऊन निघाली.

पहिल्या चुलीपाशी म्हाकूबाई भाकरी थापत होती. मेंढरं राखणाऱ्या त्या वस्तीत तिचा शब्द शेवटचा असे. चूल म्हणजे तीन दगड. मेंढरं हलली की वस्ती हलायची, आणि परतली की त्याच तीन दगडांत पुन्हा जाळ व्हायचा. म्हाकूबाईच्या सासूच्या सासूनं ते दगड तिथं मांडले होते.

"विस्तव द्याल का, बाई?"

"जाणारी माणसं की राहणारी?"

"राहणारी."

"मग खापर मोठं आणायचं होतं. एवढ्याशा निखाऱ्यानं किती घरं पेटायची?"

तिनं आपल्या घरचं मडकं भरून निखारे दिले. देताना म्हणाली, "आमच्यात रिवाज आहे. ज्याला विस्तव दिला, त्याचं पाणी तोडायचं नाही. आणि ज्यानं घेतला, त्यानंही तेच पाळायचं."

"आमच्यातही तसंच आहे," सटवाजीची आई म्हणाली. ते खरं नव्हतं. पण त्या घटकेला ती मनापासून म्हणाली.

त्या मडक्यातून नव्या वस्तीची प्रत्येक चूल पेटली.

दिवस गेले. जमीन कुठं खोल आहे आणि कुठं नुसता खडक आहे, ते मेंढपाळांनी दाखवलं. पेरणीआधी ते आपली मेंढरं नव्या लोकांच्या शेतात बसवायचे, आणि त्या खतावर ज्वारीची कणसं मुठीत मावत नसत. पूर्वेकडे बातमी गेली. आणखी माणसं आली, आणखी घरं उठली. गावं झाली, गावांना वेशी झाल्या.

पण मुलखाला मान नव्हता. तो राजाच्या कारभाऱ्याच्या हाताखाली होता. कारभारी सुगीला यायचा, शेतसारा न्यायचा, आणि जाताना झऱ्याला कुलूप घालायची धमकी देऊन जायचा. राजाच्या दरबारात या मुलखाचं बोलणारं कुणी नव्हतं.

राजाचा कायदा असा होता: ज्या मुलखात हजार चुली पेटतील, तो प्रांत. प्रांताला दरबारात आसन मिळे. आपले नियम आपण करायची मुभा मिळे. आणि चुली मोजायची रीत अशी होती, की राजाचा मोजणीदार सूर्य कासराभर वर आला की सगळ्यांत उंच टेकडीवर चढे आणि चहूकडचे धूर मोजे. दारोदार जाऊन विचारलं तर माणसं खोटं बोलतात, धूर खोटं बोलत नाही, असं राजाचं मत होतं. राजाची ओळख माणसांशी बेताची होती, आणि धुराशी त्याहून बेताची.

मोजणीदार निघाल्याची वर्दी आली. सटवाजीनं हिशेब केला. गावांच्या चुली कमी पडत होत्या. माळावरच्या धरल्या, तर पुरत होत्या.

या वेळी तो स्वतः माळावर गेला.

म्हाकूबाई हसली. "विस्तवाला आईला पाठवलंस. आज स्वतः आलास, म्हणजे काम मोठं दिसतंय."

"मावशी, धूर मागायला आलोय."

मागे बसलेला म्हाकूबाईचा भाऊ म्हणाला, "जाळ नेला, आता धूरही न्या. राख तेवढी आमच्यासाठी ठेवा."

सगळे हसले. सटवाजीही हसला. मग त्यानं कायदा समजावून सांगितला.

म्हाकूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आम्ही उद्या वर डोंगराकडं निघालोय. इथलं गवत संपलं. मोजणीदार येईपर्यंत थांबलो, तर कोकरं जगायची नाहीत."

"थांबा, मावशी. प्रांत झाला की पहिला नियम झऱ्याचा. झऱ्याचं पाणी माळाचं, पिढ्यान्‌पिढ्या. मग कारभारी धमकी द्यायला राहणार नाही."

"शब्द?"

"तुझा विस्तव घेतलाय. आणखी काय हवं?"

माळावर या बोलण्याच्या पुढं बोलणं नव्हतं. म्हाकूबाईनं भावाकडं पाहिलं. भावानं मान खाली घातली. बांधलेली गाठोडी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटली.

ते थांबले. कोकरं मेली. मोजणीदार आला त्या सकाळी माळावरच्या एकेका बाईनं तीन दगडांत जाळ केला. काही चुलींवर शिजवायला काही नव्हतं. तरी धूर सरळ वर गेला.

मोजणीदार टेकडीवर उभा राहून मोजत होता. त्यानं माळाकडं बोट केलं. "ते धूरही तुमचेच?"

सटवाजी म्हणाला, "आमचेच. सगळ्या चुली एकाच विस्तवाच्या आहेत."

यात खोटं काही नव्हतं. मोजणीदारानं टेकडीवर दगड रोवला आणि त्यावर कोरून घेतलं, 'येथे हजार चुली आहेत.' ढोल वाजले. सटवाजीला दरबारात आसन मिळालं. म्हाकूबाईच्या वस्तीत त्या दिवशी कुणी ढोलाला हात लावला नाही, पण उरलेल्या मेंढ्यांच्या दुधाचं दही गावाला पाठवलं.

प्रांताची पहिली सभा भरली. पहिला नियम खरोखरच झऱ्याचा झाला. झऱ्याचं पाणी प्रांतातल्या चुलींचं, असा तो नियम होता. माळावरच्या चुली त्यात आल्याच, म्हणून इथवर सटवाजीचा शब्द शाबूत होता.

मग पूर्वेकडून आणलेल्या शास्त्र्यांनी विचारलं, "पण चूल म्हणजे काय, हे ठरवायला नको का?"

आणि त्यांनीच ठरवलं. जी मातीनं लिंपलेली, भिंतीला टेकलेली आणि जागची न हलणारी, ती चूल. तीन दगड म्हणजे चूल नव्हे.

झऱ्याचं पाणी पाटानं शेताकडं वळवायचं, हे बहुतेकांच्या मनात आधीपासून होतं. सगळे हात वर झाले. सटवाजीचा हात जरा उशिरा वर झाला, पण झाला.

म्हाकूबाई सभेत आली. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती उभी राहिली.

"सटवाजी, तीन दगड म्हणजे चूल नाही?"

"मावशी, नियम मी एकट्यानं केलेला नाही."

"कुणी केला ते मी विचारलं नाही. ती चूल नाही, तर त्या सकाळी राजाच्या माणसाला काय दाखवलंस?"

सटवाजीनं शास्त्र्यांकडं पाहिलं. शास्त्री बोलले. "बाई, तेव्हा हा नियम नव्हता. त्यामुळे तेव्हा ती चूल होती. नियम झाला, तेव्हापासून नाही."

"म्हणजे तुमचा प्रांत होईपर्यंत आम्ही माणसं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीलाच पाठवा रे दरबारात." हशा झाला.

सटवाजीची आई आता कमरेत वाकली होती. ती भिंतीला धरून उठली. "खापर घेऊन मी गेले होते. शब्द मी दिला होता. तुम्ही आज ज्यावर..."

"आई, खाली बस," सटवाजी म्हणाला.

ती बसली.

म्हाकूबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. त्याच आठवड्यात माळ उठला. बायकांनी आपापल्या चुली झऱ्याच्या पाण्यानं विझवल्या. दगड मात्र कुणी उचलले नाहीत. शिवी नाही, शाप नाही. त्यानंतर त्या दोन वस्त्यांत विस्तव गेला नाही.

पाट निघाला. दोन पिकं जोरात आली. मग शेतात मेंढरं बसेनात, तशी जमीन उपाशी पडू लागली. कणसं बोटाएवढी झाली. झरा सगळीकडून ओढला गेला आणि उन्हाळ्यात तळ दाखवू लागला. नदीपलीकडून आलेली माणसं एकेक घर करून नदीपलीकडं परतू लागली. लिंपलेल्या चुली, जागच्या न हलणाऱ्या, मागे राहिल्या.

राजाच्या कायद्यात आणखी एक कलम होतं. एक पिढी सरली की मोजणी पुन्हा होई.

तोच मोजणीदार आला. आता तो काठी टेकत होता. सूर्य कासराभर वर आला तेव्हा तो त्याच टेकडीवर, त्याच दगडाशी उभा राहिला. शेजारी म्हातारा सटवाजी होता. खाली गावांवर इथंतिथं धूर होता. माळावर काहीच नव्हतं.

मोजणीदारानं मोजलं. मग दगडावरची अक्षरं वाचली. मग माळाकडं बोट केलं.

"मागच्या वेळी तिथं धूर होता. तो कुणाचा?"

सटवाजीला दोन उत्तरं देता येत होती. मेंढपाळांचा म्हणावं, तर प्रांताच्या नियमानं त्या चुलीच नव्हत्या, आणि मुलखानं राजाला फसवून आसन घेतलं होतं. आमचा म्हणावं, तर ती आमची माणसं कुठं गेली, ते सांगावं लागत होतं.

"सटवाजी, मी विचारतोय."

सटवाजी माळाकडं बघत राहिला. मोजणीदार थांबला. गावातले धूर एकेक करून विरले, चुली विझल्या, तरी उत्तर आलं नाही.

दरबारातलं आसन उचललं गेलं. सुगीला कारभारी पुन्हा येऊ लागला. या वेळी त्यानं धमकी दिली नाही. कुलूपच आणलं, पण झऱ्यात कुलूप घालण्याइतकं पाणी नव्हतं.

तात्पर्य एवढंच: मोजायच्या वेळी ज्याला आपला म्हटलं, त्याला वाटायच्या वेळी परका म्हणू नये.

टेकडीवरचा दगड अजून तिथं आहे, आणि त्यावर हजार चुली आहेत. खाली माळावर तीन-तीन काळे दगड गवतात पडले आहेत. ते कुणाचे, हे त्या प्रांतात अजून कुणी सांगितलेलं नाही.